दसऱ्यानंतरचे आठ दिवस

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला मी सगळं सांगतो — रोज, फोनवर, भाजी काय केली, गाडीचा कोणता टायर झिजला, इथपर्यंत. हे तेवढं राहिलं. इथं परदेशात असताना वाटायचं, अशी गोष्ट फोनवर कशी सांगायची, घरी गेल्यावर समोर बसून सांगू. घरी गेलो की वाटायचं, समोर बसून कसं सांगायचं, फोनवरच बरं. असं करत तीन वर्षं गेली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि थकलो आहे, हेही एक कारण.

मी आठवी अर्धी सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही. फोनवर एका बोटानं लिहितो आहे, त्यामुळं वाक्य कुठं तुटलं तर चालवून घ्या.

मस्कतला एका डॉक्टरीणबाईंकडे मी कामाला आहे. गाडी चालवतो, स्वयंपाक करतो, बाजार आणतो, घराकडे पाहतो. बारा वर्षं झाली. त्या मूळच्या आमच्याच गावच्या — बुलढाणा जिल्ह्यातलं, मेहकर तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही. मी त्यांना ताई म्हणतो. त्यांचे वडील वारले तेव्हा त्या गावी आल्या होत्या. मी तेव्हा मेहकर-लोणार काळीपिवळी चालवायचो, गाडी दुसऱ्याची. दहा दिवस त्यांना मीच इकडेतिकडे नेलं. जाताना म्हणाल्या, ‘तिकडं येतोस का?’ मी हो म्हणालो. मग पासपोर्ट, मग विमान. विमानात पट्टा कसा लावायचा ते शेजारच्यानं दाखवलं.

त्या बाईंनी माझ्यासाठी काय केलं हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल. मला त्यांनी एबीसीडी पक्की करून दिली, रस्त्यावरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून. माझं हर्नियाचं ऑपरेशन त्यांनी करवलं. माझ्या मुलीच्या बारावीच्या वेळी रोज अर्धा तास फोनवर तिला जीवशास्त्र शिकवलं. कोरोना झाला तेव्हा मी खोलीत पंधरा दिवस पडून होतो, आणि दारात ताट आणून ठेवणारी कोण — तर दिवसभर दवाखान्यात उभी राहून आलेली ती बाई. मालकीण माझी. दारापलीकडून विचारायच्या, ‘गजानन, वास येतोय का रे वरणाचा?’ मी नाही म्हणायचो. त्या म्हणायच्या, ‘बरं झालं, करपलंय.’

अशा माणसाशी मी कसा वागलो, ते सांगायचं आहे. पण सरळ येत नाही ते. थोडं फिरून यावं लागतं.

ताईंचे यजमान, आमचे साहेब, तेही डॉक्टर होते. ते गेले, आणि ताईंच्या तोंडी एकच सुरू झालं — गावी जायचं, दवाखाना टाकायचा. आता हे असं बोलणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. दर दिवाळीला इथले मराठी डॉक्टर एका घरी जमतात. मी भजी तळत असतो, सगळं कानावर पडतं. प्रत्येकाला गावी जायचं असतं. कोणाला मुलांची शिक्षणं झाल्यावर, कोणाला घराचं काम झाल्यावर, कोणाला रिटायर झाल्यावर. भजी संपतात, विषय संपतो. त्या वर्षी ताई म्हणाल्या, मी येत्या वर्षी जाऊन बघणार आहे. एक सर्जनसाहेब हसले. म्हणाले, ‘तिकडं फी म्हणून लोक तुम्हाला वांगी देतील.’ ताई म्हणाल्या, ‘मग भरीत करीन. तुम्हाला नाही बोलावणार.’

सगळे हसले. मी नाही हसलो. कढईत झारा तसाच धरून उभा राहिलो. ही बाई खरंच जाणार, हे मला तिथं कळलं.

आणि ताई गेल्या तर माझं काय? माझा व्हिसा त्यांच्या नावावर. त्या गेल्या की माझी नोकरी गेली. पुन्हा मेहकरच्या स्टँडवर ‘लोणार, लोणार’ ओरडत उभं राहायचं, चाळिशी उलटल्यावर, पोरांच्या वयाच्या ड्रायव्हरांबरोबर? मी मुळात घाबरट माणूस. गॅस बंद केला का ते तीनदा पाहतो. पासपोर्ट कपाटात आहे ना ते रोज पाहतो. आठवड्यातून एकदा तरी स्वप्न पडतं की विमानतळावर मला बाजूला उभं केलंय आणि कोणी काही बोलत नाहीये. पण हे कारण म्हणून सांगत नाही. गाडी चालवणारे, घरं सांभाळणारे आमच्याकडचे शेकडो लोक इथं आहेत, सगळे घाबरतात. सगळे असं करत नाहीत.

ताई गाडीत तयारी करायच्या. मी पुढं, त्या मागं. म्हणायच्या, ‘गजानन, आता तिकडं पेशंट कसं सांगतात रे? मी विसरले.’ मग मी सांगायचो — आंग मोडून येऊन राह्यलं, जीव घाबरते, तोंडाले चव नाही, हातापायाले मुंग्या येऊन राह्यल्या. त्या मागं बसून तसंच म्हणायच्या. तीस-पस्तीस वर्षं बाहेर काढलेली बाई, त्यांच्या तोंडी ते ‘राह्यलं’ बसायचं नाही. स्वतःच हसायच्या. सिग्नलला शेजारच्या गाडीतला अरब बघायचा, ही बाई पोट धरून का हसते म्हणून. एकदा म्हणाल्या, ‘माझी जीभ परत आली की मी परत आले.’ मी आरशात पाहून हसलो आणि व्हिसाचे किती महिने उरले ते मोजले. दोन्ही एकाच वेळी. असं होतं का हो कोणाला?

त्यांचं म्हणणं सरळ होतं. घाई करायची नाही. आधी आठ दिवस गावात बसून बघायचं, जुन्या शाळेच्या खोलीत, फुकट तपासायचं. लोकांना आपण हव्या आहोत की नाही ते कळेल. हव्या असलो तर बांधकामाला हात घालायचा.

श्रावणातली गोष्ट. स्वयंपाकघरात भिंतीवर मराठी कॅलेंडर आहे, त्यासमोर त्या उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, ‘कोणते दिवस बरे पडतील रे? लोक रिकामे पाहिजेत.’

मी कणीक मळत होतो. हात पुसला. पुढं आलो आणि दसऱ्यानंतरच्या आठ दिवसांवर बोट ठेवलं.

शेतीवाडीच्या माणसाला हे वाचूनच कळलं असेल. बाकीच्यांना सांगतो. आमच्याकडे आता सगळीकडे सोयाबीन आहे. दसऱ्याच्या आगेमागे ते कापायला येतं, त्याला आम्ही सोंगणी म्हणतो. वाळलेलं पीक उभं राहिलं तर शेंगा तडकतात, दाणा मातीत जातो. कापून ठेवलं आणि पाऊस आला तर ढिगातच कोंब फुटतात. म्हणून त्या आठ-पंधरा दिवसांत गाव गावात नसतं. पहाटे गेलेली माणसं अंधार पडल्यावर येतात. अंगात ताप असला तरी एक गोळी खाऊन विळा हातात. कोणाच्या घरी माणूस गेलं, तर राख सावडून तिसऱ्या दिवशी वावरात. त्या दिवसांत आमच्या गावात साक्षात देव येऊन तपासायला बसला असता तरी लोक म्हणाले असते, थांब बाप्पा, एवढा तुकडा होऊ दे.

ताईंना हे ठाऊक नव्हतं. त्या गाव सोडून गेल्या तेव्हा सोयाबीन नव्हतंच. ज्वारी होती, कापूस होता, आणि कापूस वेचणीचा जोर दिवाळीनंतर. पुढं त्यांचं येणं व्हायचं ते मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, वावरं काळी रिकामी असताना. कॅलेंडरवरचं माझं बोट पाहून त्या खूश झाल्या. म्हणाल्या, ‘बरोबर. दसरा झाला की माणसं पारावर बसलेली असायची. तुझ्या लक्षात आहे सगळं.’

होतं लक्षात. संक्रांतीनंतर गाव खरं रिकामं असतं हेही लक्षात होतं. मी पुन्हा कणीक मळायला गेलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच? दिवस चुकीचे सांगितले? एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं.

आम्ही गेलो. ताईंचं गावात आता कोणी नाही, भाऊ पुण्याला. म्हणून त्या मेहकरला लॉजवर उतरल्या आणि मी रोज सकाळी भाड्याच्या गाडीनं त्यांना गावात आणायचो, संध्याकाळी सोडून यायचो. जुन्या शाळेची खोली मी झाडून घेतली. टेबल, दोन खुर्च्या, बीपीचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या, वजनकाटा. ताईंनी सुती साडी नेसली होती. इथं त्या कधी साडी नेसत नाहीत.

पहिल्या दिवशी पाच माणसं आली. त्यातली तीन म्हातारी, एका बाईच्या कडेवर पोर, आणि एक जण पिऊन. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी कोणी नाही. ताई पेनाचं टोपण काढून बसायच्या. बाहेर कुत्रं झोपलेलं. लांबून थ्रेशरचा आवाज, आणि वाऱ्यावर भुसा यायचा, टेबलावर बसायचा. मी फडक्यानं पुसायचो. पुन्हा बसायचा.

बायको मुलीच्या शिक्षणासाठी बुलढाण्याला राहायची, म्हणून गावात मी माझ्या दादाच्या घरी राहत होतो. दुसऱ्या दिवशीच संध्याकाळी शेजारचे बाजीकाका ओट्यावर आले. माती लागलेले पाय तसेच.

‘काय बे गजा, इमानात बसून बसून गोरा झाला तू! काऊन, तिकडं ऊन नाही काय?’

‘तिकडं लय ऊन हाय काका.’

‘मग आमच्याच उन्हाले काय रोग झाला? आमी तं काळेच्या काळे. बरं, ते डॉक्टरीनबाई किती दिस हाय? सोंगनी उरकली का मले गुडघे दाखवाचे हायत. अन् आमच्या घरातलीले बी. लय जनं म्हनून राह्यले, बाई इथं बसन तं बरं होईन. मेहकरले जा, नंबर लावा, अर्धा दिस बुडते.’

मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं — काका, लोकांना सांगा, बाई इथं कायमची बसायचा विचार करून राह्यली, एक फेरी मारून जा, नुसतं तोंड दाखवून जा. एवढंच. बाजीकाका गावभर सांगून आले असते. माणसं वावरातून सरळ विळे घेऊन आली असती.

मी म्हणालो, ‘इथं काही बसत नाही काका. त्या हवापालट कराले आल्या. चार फोटो काढतीन अन् जातीन.’

बाजीकाकांनी पायाची माती ओट्याच्या कडेला खरवडली. मग म्हणाले, ‘असं हाय काय. मले वाटलं, गावची पोरगी हाय, बसते का काय.’ आणि उठून गेले.

एका दिवसात ते गावभर झालं. कशाला नाही होणार? मी त्यांच्याबरोबर राहणारा, बारा महिने त्यांच्या घरात वावरणारा माणूस. मी सांगितलं म्हणजे खरंच असणार. चौथ्या दिवशी पारावरून एक पोरगा ताईंना ओरडून म्हणाला, ‘म्याडम, आमचा बी फोटो काढा!’ ताईंना वाटलं, कौतुकानं म्हणतोय. त्यांनी फोन काढला आणि खरंच त्याचा फोटो काढला.

तो फोटो अजून त्यांच्या फोनमध्ये आहे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ताई शाळेच्या पायरीवर बसल्या. मी गाडी पुसत होतो. त्यांनी हाक मारली, जवळ बोलावलं. म्हणाल्या, ‘गजानन, खरं सांग. लोक सोंगणीमुळं येत नाहीत, की एरवीही असंच असतं?’

हुशार बाई. आठवी सोडलेल्या माणसाच्या फसवण्यात किती दिवस राहणार? चार दिवसांत त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्यांनी मला सरळ विचारलं होतं. दरवाजा उघडून धरावा तसं. मी तिथं ‘हो’ म्हणालो असतो तर सगळं मिटलं असतं. ‘हो ताई, दिवस चुकले, माझ्या ध्यानात आलं नाही, आपण संक्रांतीला परत येऊ’ — त्या रागावल्याही नसत्या.

मी म्हणालो, ‘एरवीबी असंच असते ताई. जरा काही झालं का सगळे मेहकर नाहीतर बुलढाणा धरतात. गावातल्या डॉक्टरवर कोनाचा भरोसा नाही.’

त्या म्हणाल्या, ‘हं.’

बस, तेवढंच. मग पदरानं चष्मा पुसला.

यापुढं लिहायचं म्हणजे — थांबलो होतो मी इथं. दोन दिवस फोन उघडलाच नाही. सांगायचं ते अजून यापुढंच आहे.

माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली. दादाचं लग्न त्याच वर्षी झालं. वहिनी आली तेव्हा तीही सोळा-सतराची असेल. तिनं माझं नाक पुसलं, मला न्हाऊ घातलं, मी शाळा सोडली तेव्हा माझ्या वाटचा मार दादाकडून तिनं खाल्ला. तरी हाक मारते ती भाऊजी म्हणूनच, आणि बोलते अहो-जाहो. मी किती वेळा म्हटलं, वहिनी, अरे-तुरे कर. म्हणते, रीत हाय.

सातवा दिवस. सकाळी मेहकरहून येताना ताई खिडकीतून वावरं पाहत होत्या. मग आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘गर्दी नकोय रे मला. एक जरी पेशंट असा भेटला ना, की मी इथं नसते तर त्याचं कोणी पाहिलं नसतं — तर मी राहीन. परतीचं तिकीट फाडून टाकीन.’ मी गाडी चालवत राहिलो.

त्याच दिवशी दुपारी वहिनी वावरातून एकटीच परत आली. सोंगणी अर्धी टाकून. हे कधी झालेलं नाही. दारात येऊन बसली, विळा बाजूला ठेवला, आणि नुसती श्वास घेत राहिली. ओठ निळसर दिसत होते. मी ताईंचा डबा न्यायला घरी आलो होतो, म्हणून मी होतो तिथं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

म्हणाली, ‘भाऊजी, मले दम लागून राह्यला. काही दिसाचा लागते, आज जास्तीच लागला. शाळेत बाई हायत ना? दाखवू काय?’

शाळा आमच्या घरापासून दोनशे पावलं. ताई तिथं टोपण काढलेलं पेन घेऊन बसलेल्या. छातीच्या, काळजाच्या आजाराच्याच त्या डॉक्टर. उभी हयात त्यांनी तेच पाहिलंय. आणि सकाळचं त्यांचं बोलणं माझ्या कानात तसंच होतं. एक जरी पेशंट.

तो पेशंट माझ्यासमोर उंबऱ्यावर बसला होता.

मी म्हणालो, ‘सोंगनीचा दम हाय वहिनी. उन्हाचा हाय. लिंबाचं सरबत घ्या, पडा जरा. बाई आता आवराआवर करून राह्यल्या, त्याईले काऊन त्रास द्याचा.’

ती म्हणाली, ‘हाव, मग राहू द्या. तुमच्या मालकीन हायत, तुमाले बोल नाही लागला पाह्यजे.’

मी तिला लिंबू पिळून दिलं. साखर जरा जास्त टाकली. मग डबा घेऊन शाळेत गेलो आणि ताईंना वाढलं. त्यांनी विचारलं, ‘इतका वेळ का लागला?’ मी म्हणालो, पोळ्या गरम करत होतो.

नवव्या दिवशी आम्ही विमानात बसलो.

ताईंनी इथली नोकरी पुढं चालू ठेवली. माझा व्हिसा वाढला. त्या दिवशी मी शिरा केला होता, देवाला दाखवला. हे लिहिताना लाज वाटते, पण केला होता.

दीड वर्षानं वहिनी अंगणात पडली. उजवी बाजू गेली. संभाजीनगरला नेलं तेव्हा कळलं, काळजाची एक झडप लहानपणापासून आकसत आलेली, तिथं रक्ताची गाठ झाली आणि ती मेंदूत गेली. दादानं रिपोर्ट मला फोनवर पाठवले, मी ताईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, एकेक पान बोटानं मोठं करून पाहिलं. मग म्हणाल्या, ‘हे तर नुसतं नळी लावून कळतं रे. गोळ्या सुरू केल्या असत्या तर ही गाठ झाली नसती. मी तेव्हा तिथंच तर होते. ती का नाही आली?’

मी म्हणालो, ‘लाजली असेल ताई.’

ताईंनी फोन मला परत दिला. म्हणाल्या, ‘माझंच चुकलं. मी घरोघर फिरायला पाहिजे होतं. खुर्ची टाकून बसले, साहेबासारखी.’

ऐकलंत? माझंच चुकलं, असं त्या म्हणाल्या. आणि मी त्यांच्यासमोर चहा ठेवला.

तेव्हापासून दर शुक्रवारी ताई वहिनीला व्हिडिओ कॉल करतात. गोळ्या पाहतात, हात उचलायला सांगतात. वहिनीची जीभ थोडी जड झाली आहे. कॉल संपला की फोन माझ्याकडे येतो, आणि वहिनी डाव्या हातानं मला नमस्कार करते. म्हणते, ‘भाऊजी, तुमच्यानं एवढी मोठी डॉक्टरीन मले फोनवर पाहते. कोनाच्या नशिबात हाय असं? तुमचे उपकार.’ मी पडद्यावर बोट दाबून फोन बंद करतो. एकदा हात ओला होता तर तो बंद होईना. तिचा चेहरा तसाच समोर, आणि ती विचारत होती, ‘भाऊजी, जेवले काय?’

गावात लोक अजून म्हणतात, ती बाई फोटो काढून गेली. ताई इथं दिवाळीत म्हणतात, गावाला मी नको होते. दोघं एकमेकांबद्दल जे समजून बसले आहेत, ते सगळं माझ्या तोंडचं आहे. गेल्या दिवाळीत एक नवीन जोडपं आलं होतं, तरणी डॉक्टर पोरं, नवरा चिखलीकडचा. त्यांनाही परत जायचं होतं, आणि ते नुसतं बोलत नव्हते, जागा वगैरे पाहून आले होते. ताईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, मी जाऊन पाहिलंय, आठ दिवस बसून पाहिलंय, लोक येत नाहीत. त्या मुलीचा चेहरा उतरला. मी भज्यांचं ताट घेऊन शेजारी उभा होतो. ते दोघं गेले की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आता ताईंनी काम सोडायचं ठरवलं आहे. लेकीकडे चालल्या, कॅनडाला, कायमच्या. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, हळू आवाजात, जसं त्या पेशंटच्या घरच्यांना सांगतात. म्हणाल्या, ‘तू काळजी करू नकोस, तुझी सोय केल्याशिवाय मी विमानात बसणार नाही.’ आणि केलीच. ओळखीचं एक घर पाहिलं, चांगली माणसं आहेत, व्हिसाचं त्यांच्याशी बोलून ठेवलं. त्या लोकांना माझ्याबद्दल जे पत्र लिहून दिलं, ते मला वाचून दाखवलं. त्यात एक शब्द होता, मी अर्थ विचारला. म्हणाल्या, ‘म्हणजे ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकावा असा.’

म्हणजे हे तीन वर्षांपूर्वीही झालंच असतं. त्या गावी गेल्या असत्या तरी माझी सोय केल्याशिवाय गेल्या नसत्या. हे मला तेव्हा कळायला हवं होतं का? कळत होतं. ताट दाराशी ठेवणारी बाई मला रस्त्यावर सोडेल का? कळत होतं मला. तरी मी बोट ठेवलं, तरी मी ‘एरवीबी असंच असते’ म्हणालो, तरी मी लिंबू पिळलं.

ताईंना मी हे सांगणार नाही. वहिनीलाही नाही. धीर गोळा करतोय असं समजू नका, मी स्वतःला पुरता ओळखून आहे, सांगणार नाही.

काल दुपारभर सामान बांधत होतो. पुस्तकं, भांडी, साहेबांचा फोटो जुन्या चादरीत गुंडाळून. सात खोके झाले. प्रत्येकावर ताईंच्या लेकीचा पत्ता लिहायचा होता. ताई म्हणाल्या, तूच लिही, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. मी गुडघे टेकून बसलो आणि कागदावर पाहून एकेक अक्षर काढलं, सातही खोक्यांवर. कुठंही चूक झाली नाही.